पिट्टीवरचा जावई

शंका घेणं हा माझा स्वभाव आहे, नि त्याची मला लाज वाटत नाही. घर माझं, होडी घराची, म्हणजे माझीच, नि पोरगी तर पोटची. मग डोळे मिटून बसायचं कुणाच्या भरवशावर? माझा जावई पूकोया हा आमच्या होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, उभा राहणारा माणूस. समुद्रावर पाखरांचा थवा हेरायचा नि 'इकडं' म्हणून हात करायचा, हे त्याचं काम. पाखरं जिथं, कुपा मासा तिथं. परतताना खडकांच्या खिंडीतून होडी आत घेतानाही पाण्याचा रंग बघून तोच वाट सांगायचा. सुकाणूवर माझा पोरगा आट्टकोया असला, तरी बहिणीचा नवरा बोट दाखवील तिकडं निमूट वळायचा.

अशा जावयाची तक्रार घेऊन एक दिवस त्याची आई बीयात्तुम्मा माझ्या दारात उभी राहिली.

"काय गं सारोम्मा, माझ्या लेकाला दिवस वर येईस्तोवर ठेवून घेता होय? लाजबीज काही आहे का नाही?"

"आम्ही ठेवून घेतो? अगं, तो बांगेच्या आधीच उठून तुझ्याकडं जातो!"

रात्री बायकोच्या घरी जेवायचं, निजायचं नि पहाटेच्या बांगेला उठून आईच्या घरी जायचं, ही आमची जगरहाटी. या दोन घरांच्या मधल्या फटीत पूकोया रोज कुठंतरी गडप होत होता. मी म्हणत होते तो आईकडं गेला, ती म्हणत होती सासूनं अडकवला.

"दुसरं घर केलं असेल," मी म्हटलं.

"माझा लेक तसा नाही."

"सगळ्यांचेच लेक तसे नसतात, बीयात्तुम्मा."

कुंजिबीला, माझ्या पोरीला, विचारलं तर ती माझ्यावरच उखडली. "उम्मा, तू तर सावलीलाही विचारशील, कुठं चाललीस म्हणून!" पण त्या संध्याकाळी मी पूकोयाची लुंगी उजेडात धरून बघितली. मागच्या बाजूला पांढरे शिंतोडे होते. ती पाखरांची शिट, नि असली शिट अंगावर पडायला जागा एकच, लगूनच्या उथळ पाण्याच्या टोकाचं ओसाड बेटुकलं, पिट्टी.

दुसरी बाई परवडली असती. पिट्टीवर ना झाड, ना पाणी. नुसती पोवळ्यांची रेती नि त्यात पाखरांची अंडी. विणीच्या दिवसांत तिथं पाय ठेवायचा नाही, ही बेटावरची जुनी बोली. पाखरं रुसून गेली तर कुपा कुणी दाखवायचा? तिथं अंडी चोरणाऱ्याला कुणी होडीवर घेत नाही, नि असल्या माणसासाठी बायकोच्या घराचं दारही उघडत नाही. शिवाय हल्ली पाखरं दिसायच्या आधीच पूकोया दिशा सांगतो, त्यानं पिट्टीवरच्या जिन्नाशी सौदा केलाय, असं खलाशी आपसात कुजबुजत होते. जिन्नाचं मला ठाऊक नव्हतं, पण सौद्याचा वास मलाही येत होता.

दुसऱ्या दिवशी फटफटताच आट्टकोयाला हाताशी धरून मी छोटी होडी काढायला लावली.

"उम्मा, बाईमाणसानं पिट्टीवर..."

"वल्हव मुकाट्यानं."

पिट्टीवर कान फुटतील असा कलकलाट होता. पूकोया पाण्याच्या कडेला, ओल्या रेतीत बसला होता. टोपली शेजारीच होती. आट्टकोयाला होडीशी ठेवून मी सरळ गेले नि टोपली उपडी केली. तीत पाण्याच्या बाटलीखेरीज काही नव्हतं. त्याची पावलंही कडेकडेनंच उमटली होती, आत घरट्यांकडं एकही नाही.

त्यानं माझ्याकडं तोंड केलं. मी दहा हातांवर, भर उजेडात उभी.

"कोण? आट्टकोया का?"

मी दोन पावलं पुढं सरकले.

"पूकोया, मी कोण ते दिसत नाही तुला?"

"अम्मायी?" तो धडपडत उठला. "जवळचं दिसतं थोडं. लांबचं सगळं दूध झालंय. पाखरांच्या कलकलाटावर होडकं वल्हवत येतो, नि सकाळी ती कुठल्या अंगाला जातात ते इथं ऐकू येतं. तेवढं ऐकतो नि होडीवर सांगतो. आत पाऊल टाकत नाही, अंडं चिरडेल. कुणाला सांगू नका, अम्मायी. नाळेवरून उतरलो तर तुमच्या घरी कुठल्या तोंडानं येऊ?"

मला दया आली, पण त्याहून राग जास्त आला. "आणि खिंड? खिंडीतला खडक ऐकू येतो तुला? मागल्या आठवड्यात होडी घासली तेव्हा उन्हाची तिरीप आली म्हणालास! माझा पोरगा असतो त्या होडीत!"

त्यानं टोपली उचलली नि आपलं होडकं आमच्या होडीमागं बांधलं.

किनाऱ्यावर खलाशी जमले होते. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं: यानं अंडी चोरली नाहीत, जिन्नबिन्न काही नाही, पण याला दिसत नाही नि हा आता नाळेवर उभा राहणार नाही. त्यात मी काही चूक केली, असं मला आजही वाटत नाही.

त्या रात्री कुंजिबीनं भात झाकून ठेवला. पूकोया आला नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. आमच्यात नवरा यायचा थांबला की लग्न मोडलं असंच सगळे समजतात. पोरीनं मला एका शब्दानं बोल लावला नाही, त्याचंच जास्त लागलं.

सासूनं जावयाच्या आईच्या घरी जायची रीत नाही. मी गेले. तो ओट्यावर बसला होता.

"चल जेवायला. कुंजिबी उपाशी बसलीय."

"हातात मासा नाही आता माझ्या."

"मी मागितला?"

"दारापर्यंत नेऊन चारचौघांत हाकलाल. नाळेवरून उतरवलंत तसं." तो शांतपणे म्हणाला. "तुमच्या शब्दावर मी का यावं, अम्मायी?"

मी आजवर साऱ्या बेटाला उलटे प्रश्न विचारले होते, पण मला असं कुणी विचारलं नव्हतं. शपथ घ्यावी म्हटलं, तर शपथेवर मीच कधी कुणाचं ऐकलं होतं?

"नको ठेवूस विश्वास," मी म्हटलं. "मीही ठेवला नसता. येऊन तपासून बघ."

मग चाचपत त्यानं सदरा शोधला. मी हात पुढं केला, तो त्यानं धरला नाही. चार पावलं मागं राहून, माझ्या चपलांच्या आवाजावर कान ठेवून तो घरापर्यंत आला.