सासूबाईंची जिलबी

त्या माणसाला मी बोललो, ही माझी चूक. पेणला एसटी स्टँडजवळ त्याचं मोबाइल-दुरुस्तीचं दुकान आहे. रोह्याला घरी आम्ही लग्नांचे व्हिडिओ मुलाच्या गेम कन्सोलवर बघतो. त्यावर ते जसेच्या तसे लागत नाहीत, म्हणून मी त्याच्याकडून फाइल बदलून घेतो. बदललेली फाइल तो दुकानातल्या कन्सोलवर लावून शेवटपर्यंत बघतो. पाठवणीला डोळे पुसत स्क्रीनलाच सांगतो, "सोडा आता तिला, किती रडवताय!"

मेहुणीचं लग्न बघून झाल्यावर त्याने सासूबाईंना स्टँडवर ओळखलं. "मावशी, चौथी जिलबी उचलताना इकडंतिकडं कशाला बघत व्हतात?" सासूबाई तोंडाला पदर लावून रोह्याच्या एसटीत चढल्या. मी त्याला सुनावलं, "फाइल फक्त बदला, बघू नका." तो म्हणाला, "नाय बघत."

मेहुण्याच्या लग्नाची फाइल त्याने खरंच न बघता दिली. आमच्या घरी सगळं सासर कन्सोलसमोर जमलं. आवाज चित्राच्या मागे पडला होता. पंगत संपून पडद्यावर भटजी आले, त्यांनी तोंड उघडलं आणि सासूबाईंच्या आवाजात विचारलं, "जिलबी संपली की काय?"

दुसऱ्या दिवशी मी दुकानात उभा राहिलो. "चुकलो, दादा. यापुढे सगळं बघत जा."

"मावशींची जिलबी पण?"

"ती पण. त्यांनीच सांगून पाठवलंय."