वल्ह्याचा दुसरा फटका

ही गोष्ट मी सखूला सांगितलेली नाही. माझ्या बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून मध्येच माझ्या खांद्यावर हात ठेवून 'जाऊ द्या गणपतराव, झालं ते झालं' असं म्हणणार नाही. माझ्या गावात सगळे तसंच म्हणतील. त्याचीच मला भीती वाटते.

भाटघरचं धरण झालं आणि आमच्या खोऱ्यात पाणी चढलं. पूर्वी उन्हाळ्यात वेळवंडी नदीच्या गुडघाभर पाण्यातून पलीकडच्या गावाला जायचो, तिथे आता माणूस बुडेल इतकं पाणी. दोन्ही गावांनी मिळून एक नाव बांधून घेतली. मला पोहता यायचं, दंडात ताकद होती, म्हणून ती माझ्या हाती दिली. शिकवायला नीरेकाठचा एक म्हातारा कोळी आला होता. तो मला 'तांडेल' म्हणायचा. तांडेल म्हणजे नावेचा मुख्य माणूस. आमच्या डोंगरात हा शब्द कुणी ऐकला नव्हता.

"नावंत बसला की पाटीलबी तुजा," तो म्हणायचा. "किती माणूस घ्यायचं, कवा निगायचं, कवा न्हाई निगायचं, त्ये तू ठरवायचं. आन पाणी शिरलंच, तर समद्यांत शेवटी उतरायचं तू."

मी मान डोलावली. त्यात काय अवघड होतं?

खरं सांगू — मला त्या कामातली एकच गोष्ट मनापासून आवडली. काठावर माणसं ताटकळत उभी राहायची आणि म्हणायची, 'गणपतराव, आमालाबी घ्या की.' आधी मी नुसता गणपा होतो. नावेनं मला गणपतराव केलं. मग कुणाला नाही म्हणवायचं नाही. एक जास्त, दोन जास्त. नाव जायची. रोज जायची.

कोंडिबा मला गणपाच म्हणायचा. आम्ही एकाच आळीतले. एकत्र गुरं राखली, एकाच तालमीत माती अंगाला लावली. त्याची बायको सखू मला भाऊ मानायची, भाऊबीजेला ओवाळायची. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी त्यांना मुलगी झाली, तेव्हा कोंडिबानं मला घरात बोलावून ती आधी माझ्या हातावर ठेवली होती.

मी आडवळणानं जातोय. कळतंय मला.

दिवाळीच्या आधीचा भोरचा बाजार होता. दुपार कलली होती, माणसं परतत होती. सगळ्यांकडे ओझी. त्यात माझ्या सासऱ्याची मिठाची पोती. खोऱ्यातून वारा सुटला होता. काठावरच्या गवताची पाती आडवी झाली होती. त्या दिवशी थांबायला हवं होतं. निदान दोन खेपा करायला हव्या होत्या. पण सगळ्यांना दिवे लागायच्या आत घरी जायचं होतं, आणि मी — मी गणपतराव होतो. सगळ्यांना घेतलं. सखू लेकीला घेऊन अगदी पुढे बसली. पुढचं वल्हं कोंडिबानं धरलं, मागचं माझ्याकडे.

मधोमध गेल्यावर लाटा कडेवरून आत यायला लागल्या. बायका तांब्यांनी, हातांनी पाणी उपसत होत्या. नाव इतकी खाली दबली होती की पाणी आणि कड यांच्यात चार बोटंही राहिली नव्हती.

तेव्हा पोती टाकायची होती. आधी ती. पण सासरा काय म्हणेल, हा विचार माझ्या डोक्यात आला — तशा वेळी, तसल्या पाण्यात, हा विचार! आणि मी म्हणालो, "एकानं उतराया पायजे. पवणाऱ्यानं."

नावेत पोहणारे दोघेच होतो. मी आणि कोंडिबा. मी त्याचं नाव घेतलं नाही. नुसतं त्याच्याकडे बघितलं.

तो हसला. डोईचं मुंडासं सोडून सखूकडे दिलं, वल्हं शेजारच्याला दिलं. "कड धरून येतो. ध्यान ठेव रं, गणपा."

"म्या हाय," मी म्हणालो.

नाव खरोखर हलकी झाली. जरा अंतर कापलं. कोंडिबा लाटांमुळे मागे सरकत सरकत माझ्याजवळ आला होता, नावेच्या अंगाला धरून. मग त्याचा चेहरा एकदम पिळवटला. पायात गोळा आला असणार. त्यानं दोन्ही हातांनी कड पकडली आणि अंग वर उचललं. "गणपा, वर घे!"

नाव त्याच्या बाजूला कलली. घागरीनं ओतावं तसं पाणी आत आलं. बायका किंचाळल्या, सगळे दुसऱ्या अंगाला वाकले, सखू लेकीला पोटाशी धरून खाली दुमडली. "सोड!" मी ओरडलो. त्यानं सोडलं नाही. कोण सोडेल?

मी वल्हं उचललं आणि त्याच्या हातावर मारलं.

थांबा. अजून ते नाही. इथवरचं मी कदाचित कुणाला तरी सांगू शकलो असतो. नावेत बायाबापड्या होत्या, तान्ही पोर होती, सगळे गेले असते. लोकांनी मान डोलावली असती.

त्याचा एक हात सुटला आणि नाव सावरली. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण माझ्या पायाखालची फळी सरळ झालेली मला कळली. दुसऱ्या हातानं तो नुसता लटकून होता. वर चढायला बघत नव्हता. त्याला समजलं होतं. तो माझ्याकडे बघत होता.

मी दुसऱ्यांदा मारलं.

घाबरलो होतो म्हणू? घाबरलो होतोच. पण घाबरलेला माणूस नेम धरत नाही. मी धरला होता. अंगठ्याच्या मागे, जिथे पकड असते तिथे. ते वल्हं खाली येताना मी पाहिलं, आणि दुसरंच कुणीतरी ते मारतंय असं मला वाटलं. हात माझेच होते.

मग मी पोती फेकायला लावली. मग! नाव थांबवली नाही. मागे वळलो नाही.

सखू मान वर करून म्हणाली, "भाऊ, ह्ये कुठं हायेत?"

"हात सुटला त्याचा," मी म्हणालो. "गारठ्यानं."

कुणी पाहिलं नव्हतं; सगळे दुसऱ्या अंगाला वाकलेले होते. काठावर माणसांनी मला आधार देऊन उतरवलं. कुणीतरी अंगावर घोंगडी टाकली. एक म्हातारी तर माझ्या पाया पडली — तिची सून नावेत होती.

कोंडिबा नंतर धरणाच्या अंगाला सापडला. सखूनं त्याचे हात हातात घेऊन बघितले. बोटं काळीनिळी झाली होती. मी समोर उभा होतो. मला वाटलं, आता. आता ही वर बघेल.

ती म्हणाली, "खडकाला धरत असतील वो, भाऊ. शेवटपत्तुर धरत असतील."

तेव्हा बोलायचं होतं. मी तिच्याजवळ बसलो आणि रडलो, आणि सगळ्यांना ते रडणं खरं वाटलं. खरंच होतं ते. तरीही मी बोललो नाही.

नाव पुढेही मीच चालवली. सखूची लेक माझ्याच नावेतून बाजाराला जात मोठी झाली. अलीकडे तिचं लग्न झालं, लांबच्या गावातल्या घरात. सख्खा मामा नव्हता, म्हणून सखूनं मला उभं केलं. अंतरपाट धरला होता, आणि मी पोरीच्या मागे तिच्या खांद्यांवर हात ठेवून उभा होतो. हे हात. मंगलाष्टकं चालू असताना मी त्यांच्याकडेच बघत होतो.

अक्षता पडल्यावर सखूनं मला ओढत वराकडच्या माणसांत नेलं. "ह्यांनी आमाला वाचवलं," ती सगळ्यांना सांगत होती. "ह्ये व्हते म्हनून पोर हाय."

व्याही उठून उभे राहिले. मी हात जोडले. त्यांनी मला मानानं पहिल्या पंगतीला बसवलं, पानात तूप वाढलं, दोनदा आग्रह केला.

मी जेवलो.