खानवेलचं खोटं फुलपाखरू

चिपळूणहून निघताना मी घरी सांगितलं, की सिल्वासाला फुलपाखरं बघायला चाललोय. शहात्तराव्या वर्षी, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला माणूस असं काही बोलला, की घरचे त्याला अडवत नाहीत. फक्त एकमेकांकडे बघतात. सुनेनं औषधांची डबी दिली आणि डबीच्या झाकणावर माझं नाव, पत्ता, फोन नंबर चिकटवला. मी हरवणार हे तिनं गृहीत धरलं होतं.

फुलपाखराचं कारण खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. सिल्वासाच्या ज्या शाळेत मी विज्ञान शिकवलं, तिथल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं फोनवर फोटो पाठवला होता. शाळेच्या फाटकाशेजारी भिंतभर रंगवलेलं काळं-सोनेरी फुलपाखरू, खाली ठळक अक्षरांत ‘सिल्वासाची शान’. आणि विद्यार्थ्याचा मजकूर : ‘सर, तुमचं फुलपाखरू!’ ऑपरेशननंतर नव्या डोळ्यांनी मी स्वच्छ पाहिलेली ही पहिली गोष्ट. डोळे पुन्हा बांधून घ्यावेसे वाटले.

कारण ते फुलपाखरू सिल्वासाचं नाही. सांगतो.

तेहतीस वर्षांपूर्वी शाळेची तपासणी होती. मी ‘आपल्या भागातील फुलपाखरे’ अशी काचेची पेटी तयार करत होतो. सुतारानं पेटीला पंचवीस खण पाडले होते आणि फुलपाखरं होती चोवीस. ती चोवीसही मी पकडलेली नव्हती. प्रयोगशाळेचा परिचर सोमा यानं ती आणली होती. सोमा वारली, सिल्वासाजवळच्या खेरडीचा. शाळा जेमतेम चौथीपर्यंत. पण कुठलं फुलपाखरू कुठल्या झाडावर अंडी घालतं, हे त्याला तोंडपाठ. पंचविसावा खण रिकामा राहिला तर साहेब काय म्हणतील, या काळजीनं मी माझ्या बहिणीच्या सासरी, दोडामार्गला गोठ्यापाशी मेलेलं सापडलेलं एक भलंमोठं फुलपाखरू त्यात टाचलं. तळहाताएवढं. इंग्रजीत त्याला सदर्न बर्डविंग म्हणतात. दक्षिण कोकण, गोवा, तिथून खाली केरळपर्यंत त्याचं राज्य. चिठ्ठीवर मी सिल्वासाजवळचं ठिकाण लिहिलं : ‘खानवेलचे जंगल’.

तपासणीचे साहेब नेमके त्याच खणावर थांबले. “वा! हे इथलं?” मी हो म्हणालो. मागे उभा असलेला सोमा म्हणाला, “नाय सर, हा आपल्याकडला नाय.”

मी वळलो आणि साहेबांना म्हणालो, “लक्ष देऊ नका. ताडी पिऊन आलाय.”

सोमा ताडीला शिवत नसे. पण माझ्या एका वाक्यानं त्याला मेमो मिळाला, प्रयोगशाळा गेली, पाण्याच्या टाकीवर काम आलं, आणि निवृत्त होईपर्यंत मुलं त्याला ‘ताडीवाला’ म्हणत राहिली. मला मात्र त्या वर्षी शाबासकीचं पत्र मिळालं. ते मी फ्रेम केलं होतं. असो.

वापीला उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. स्टेशनबाहेर फाफडा आणि तळलेली मिरची खाल्ली. मिरचीनं डोळ्यांत पाणी आलं. आता पश्चात्तापाला वेगळं पाणी लागणार नाही असं वाटून गेलं. सिल्वासाला जाणाऱ्या इको गाडीत ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली. ड्रायव्हर धुळ्याकडचा, आधी धाग्याच्या कंपनीत होता.

“कुठं जायचं आबा?”

“आधी शाळेत. मग खेरडी.”

“काय काम काढलं?”

“फुलपाखरं बघायची आहेत.”

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. “त्यासाठी खेरडी कशाला? सामरवरणीच्या रोडला कोणत्याबी कंपनीच्या गेटवर थांबा. हजेरी लावून उडून जाणारे शंभर दाखवतो. आमचा ठेकेदार तर डायरेक्ट जाळी घेऊनच बसायचा.”

मागच्या बाकावरचे तिघे हसले. त्यातला एक म्हणाला, “आबा, यालापण तसाच पकडलेला. म्हणून तर गाडी चालवतोय.”

सिल्वासाची कमान दिसली आणि माझं धैर्य संपलं. शाळेचा थांबा आला तेव्हा मी म्हणालो, “पुढे घ्या. वासोण्याला.”

“सिंह बघायला?”

“हो.”

वाचकहो, चूक कबूल करण्यापेक्षा सिंहासमोर जाणं मला सोपं वाटलं. वासोण्याच्या सफारीत जाळ्या लावलेल्या बसमध्ये बसलो. सिंह झाडाखाली चारी पाय वर करून झोपला होता, रविवारी दुपारी जेवून आडवा झालेल्या हेडमास्तरांसारखा. बसभर मोबाइल उंचावले गेले. माझ्या खिडकीच्या जाळीवर मात्र निळसर ठिपक्यांचं एक ‘ब्लू टायगर’ येऊन बसलं. दसरा जवळ आला की ही इथे थव्यानं दिसतात. मी त्याचे ठिपके न्याहाळत होतो, तर पुढच्या सीटवरच्या बाईंनी माझ्या खांद्याला हात लावला. “आजोबा, सिंह तिकडे आहे हं, तिकडे.” मग नवऱ्याला हळूच म्हणाल्या, “एकटं सोडतात बघा म्हाताऱ्यांना.”

लाज वाटून मी शाळेत गेलो.

मुख्याध्यापिका देसाईबाई रत्नागिरीच्या. मी कोण हे कळताच त्यांनी चार शिक्षक बोलावले, शाल मागवली, आणि काय होतंय हे कळायच्या आत माझ्या खांद्यावर ती आलीही. शालीवर कोपऱ्यात भरतकाम होतं. तेच फुलपाखरू.

“बाई, मला एक कबुली द्यायची आहे,” मी म्हणालो. “हे फुलपाखरू इथलं नाही.”

“तुमचा विनय आहे सर!”

“विनय नाही हो. मी दोडामार्गहून आणलं होतं. मेलेलं.”

टाळी वाजवायला उचललेले हात हवेत राहिले. बाईंनी शिक्षकांना वर्गावर पाठवलं आणि दार लोटून घेतलं. “सर, आमच्या बॅजवर ते आहे. स्नेहसंमेलनात त्याचा नाच आहे. तिसरीतल्या वीस मुली पंख लावून नाचतात. आणि इथल्या किती तरी लोकांनी ते खानवेलला प्रत्यक्ष पाहिलंय!”

“कुणी?”

“आमच्या पी.टी.च्या सरांनी. दोनदा.”

मी पी.टी.च्या सरांना भेटायची इच्छा व्यक्त केली. ते नेमके त्याच क्षणी रजेवर गेले.

“आणि सोमा?” मी विचारलं. “परिचर होता तो?”

“ताडीवाला सोमा? आहे ना, खेरडीला असतो,” बाई सहज म्हणाल्या. मी इथे येईपर्यंत ज्या आशेवर होतो, की ते नाव एव्हाना विसरलं गेलं असेल, ती आशा तिथेच गेली.

खेरडीला रिक्षानं गेलो. दोन्ही बाजूंना भात कापणीला आलं होतं. पाड्यावर (वस्तीवर) सोमाचं घर कुणीही दाखवलं. तो ओट्यावर बसून टोपली विणत होता. केस पांढरे, पण नजर तीच. मी काही बोलायच्या आत म्हणाला, “सर, बारीक झाला तुम्ही.”

तेव्हा मी त्याला ‘ए सोमा’ म्हणायचो. आज तोंडातून “सोमाभाई” निघालं. त्याची बायको लाडकीबाई पाणी घेऊन आली. मी गाडीत पाठ केलेलं सगळं विसरलो आणि सरळ सांगून टाकलं. दोडामार्ग, चिठ्ठी, ताडी, सगळं.

सोमा टोपली विणतच राहिला. बोलली लाडकीबाई.

“म्हणजे हा पीत नव्हता?”

“नाही.”

“कधीच नाय?”

“मी खोटं बोललो होतो, बाई.”

ती नवऱ्याकडे वळली. “मग मी तेहतीस वरसं तुझा तोंड हुंगत बसली ती कशाला?”

“मी सांगत होता तुला,” सोमा म्हणाला.

“पिणारे सगळे हेच सांगतात!” मग तिचा मोर्चा माझ्याकडे आला. “मास्तर, लगनाला जायचा तर मी याच्या आडवी बसायची. सगळे पुरुष एकीकडे आणि हा बायांच्या पंगतीत! तुमच्यापायी!”

मी मान खाली घातली. मला वाटलं होतं, सोमा शिव्या देईल. त्या ऐकायची मी तयारी केली होती. तो वेगळंच बोलला.

“ताडीचा मला काय नाय, सर. लोक बोलतात, लोक विसरतात. पण तुम्ही शिकलेले. तुम्ही हाय म्हणला. मला वाटला, माझेच डोळे चुकले. मग दर वरसाला पाऊस सरला का खानवेलला जायचा. दोन-दोन दिवस. एकदा ओढ्यात पडला. एकदा मधमाश्यांनी तोंड असा केला.” त्यानं दोन्ही हातांनी भोपळ्याएवढा आकार दाखवला. “मी त्याला बघायला जायचा, सर. नायच दिसला कधी.”

“किती वर्षं गेलात?”

“गुडघा गेला तवापर्यंत.”

ओट्यावर कोंबड्या फिरत होत्या. इतकी वर्षं मी मोजत होतो की मी त्याचं नाव खराब केलं. त्याचे डोळे मी त्याच्याकडूनच काढून घेतले होते, हे माझ्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

“काय करू सांगा,” मी म्हणालो.

सोमानं टोपली बाजूला ठेवली. “शाळेत बोला. मी उभा असताना बोला.”

त्या दिवशी लाडकीबाईनं जेवू घातलं. नागलीचा (नाचणीचा) रोटला, उडदाची डाळ, लसणाची चटणी. दरम्यान तिनं शेजारपाजारच्यांना एकेक करून बोलावलं आणि प्रत्येकासमोर मला पहिल्यापासून सांगायला लावलं. रोटला संपेपर्यंत माझी कबुली पाच वेळा झाली. सहाव्यांदा आलेली म्हातारी कानानं अधू होती. तिला सांगताना घास घशात अडकला, तेव्हा पाठीत थाप मारायला सोमाच पुढे आला. थाप गरजेपेक्षा जोरात होती. मी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेला आम्ही तिघे शाळेत हजर. सोमानं इस्त्रीचा सदरा घातला होता, लाडकीबाईनं लग्नातल्यासारखी साडी. देसाईबाई कुजबुजल्या, “सर, शब्द जरा मऊ ठेवा.”

मी माइक धरला. फुलपाखराचं खरंखोटं सांगून झालं. मुलं शांतपणे ऐकत होती. नाचणाऱ्या वीस जणींच्या रांगेत तेवढी चुळबुळ झाली. मग मुख्य वाक्यापाशी आलो, आणि माइकनं एक लांब शीळ घातली आणि मान टाकली. मी मऊ आवाजात तेच वाक्य म्हणालो. मागच्या रांगांतून आवाज आला, “ऐकू नाय आला!” लाडकीबाई पुढच्या रांगेतून म्हणाली, “मलापण नाय!” ती माझ्यापासून दोन हातांवर होती.

मग मी छातीत हवा भरली आणि ओरडलो, “सोमाभाई प्यायलेले नव्हते! मी खोटं बोललो!”

फाटकाबाहेरचा भाजीवाला थांबला. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई वाकून बघू लागली. मास्तर म्हणून मी आयुष्यभर ओरडलो, पण इतकं खरं कधी ओरडलो नव्हतो. सोमा हात जोडून नाही, हात मागे बांधून उभा होता; तपासणीला आलेले साहेब उभे राहतात तसा.

एका मुलीनं विचारलं, “मग भिंतीवरचं पुसायचं का?”

बाईंचा चेहरा पडला. मी काही बोलणार, तोच सोमा म्हणाला, “पुसू नका. लांबून आलेला हाय, राहू दे. पण पाहुणा हाय म्हणून लिवा.”

दुपारी पेंटर आला. ‘सिल्वासाची शान’ गेलं आणि ‘सिल्वासाचा पाहुणा’ आलं. पेटीतली चिठ्ठी मी माझ्या हातानं बदलली : ‘दोडामार्ग. खानवेल येथे आढळत नाही. माहिती : सोमा, खेरडी.’ सोमानं ती मला मोठ्यानं वाचायला लावली. दोनदा. नंतर मला कळलं, त्याला वाचता येतं.

निघताना त्यानं माफ केलं असं काही म्हटलं नाही. मी विचारलंही नाही. माझा फोन नंबर तेवढा त्यानं मागून घेतला.

आता घरी येऊन तीन आठवडे झाले. प्रवासवर्णनाच्या शेवटी प्रवासानं काय दिलं ते लिहायची रीत आहे. मला वाटलं होतं, परतताना हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. मन जड आहे ते आहे; पण त्याला आता रोजचं काम मिळालं आहे. रोज सकाळी सहाला फोन वाजतो. सोमाच्या नातसुनेनं त्याला फोटो पाठवायला शिकवलंय. फोटोखाली त्याचा आवाज असतो : “सर, हा लिंबावरला. इथलाच.” “सर, ही पिवळी. टाकळ्यावर बसते. इथलीच.” मी वहीत नाव, झाड, जागा लिहितो, आणि पाहणाऱ्याच्या रकान्यात ‘सोमा’. एकोणीस नोंदी झाल्या आहेत. माझा त्यात अक्षरापलीकडे काही वाटा नाही.

आज सकाळी फोटो आला तो नुसत्या पानाचा. मी चष्मा पुसून, मोठा करून पाहिला. पान उलटं धरलंय का, तेही पाहिलं. मग आवाज ऐकला.

“सर, आज कोण नाय आला. तेपण लिवा.”

लिहिलं.