अक्का हो की नाही सांगत नाहीत

डॉ. सुलोचना नाडगौडा, म्हणजे आमच्या अक्का, यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी पार गोंधळलेली होते. आज त्यांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी लिहायला बसले आहे, तरी अवस्था तीच. फरक इतकाच, की या खेपेला अक्काही गोंधळल्या आहेत. गुडघ्याचं ऑपरेशन करू की नको, असं त्यांनी मला विचारलं आहे आणि उत्तर मला द्यायचं आहे. संपादकांनी अक्कांचं कार्य आणि त्यांची मूल्यं यांवर लिहायला सांगितलं आहे. लिहिते. पण डोक्यात सारखा तो गुडघाच आहे, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं.

पहिली भेट सांगते. मी नुकतीच दंतवैद्य झाले होते. आमचे अप्पा धारवाडच्या कोर्टात वकील. त्यांनी हुबळीत कोप्पीकर रोडवर गाळा बघितला, माझ्या नावाची पाटी रंगवून घेतली आणि पेशंटची खुर्चीसुद्धा आणून ठेवली. आणि मला नेमकं तेव्हाच सार्वजनिक आरोग्य शिकायचं खूळ लागलं. हे शिक्षण म्हणजे काय ते मला धड सांगताही येत नव्हतं. आत्या म्हणाली, "म्हणजे म्युनिसिपालटीत? डास मारायला?" मी म्हटलं, "नाही गं, तसं नाही." "मग कसं?" आता कसं ते मला ठाऊक असतं तर! शेवटी अप्पांनीच तोडगा काढला. धारवाडलगतच्या केलगेरीला या विषयातल्या एक मोठ्या बाई राहतात, त्या सांगतील तसं करायचं, असं ठरलं.

अक्का तेव्हा मेडिकल कॉलेजच्या समाजवैद्यक विभागातून निवृत्त झाल्या होत्या. सार्वजनिक आरोग्यात पुढे शिकू पाहणाऱ्या मुलामुलींची तयारी त्या घराच्या पडवीत बसून करून घेत असत, अजूनही घेतात. अप्पांनी बसल्या बसल्या उलटतपासणी सुरू केली. "अक्का, तुम्ही हो म्हणा, मी खुर्ची परत पाठवतो. नाही म्हणा, ही उद्यापासून दवाखान्यात बसते. हो की नाही, एवढंच सांगा."

"वकीलसाहेब," अक्का म्हणाल्या, "हिच्यासारख्या शंभर मुली पुढ्यात आणा. त्यातल्या बहुतेकींचं काय होईल ते सांगते. ह्या एकीचं काय होईल, ते मला कसं कळणार हो? आमचं शास्त्र एकाचं सांगत नाही."

"म्हणजे हो की नाही?"

"नोडोण," अक्का म्हणाल्या. नोडोण म्हणजे बघू या. एवढं बोलून त्यांनी आमच्यापुढे गिरमिटाच्या, म्हणजे इकडच्या चुरमुऱ्यांच्या भेळेच्या, बशा ठेवल्या. परतताना अप्पा रस्ताभर कुरकुरत होते की, एवढा निसटता साक्षीदार उभ्या वकिलीत बघितला नाही.

तरी मी दर रविवारी केलगेरीला जाऊ लागले. प्रवेशपरीक्षेची तयारी होत होती, पण मन ठरत नव्हतं. अक्कांची शिकवायची रीतही डोकं फिरवणारी. मुलाखतीचा सराव आधी कन्नडात, मग मराठीत आणि अगदी शेवटी इंग्रजीत. कन्नडात सांगता येत नसेल तर तुलाच ते कळलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. अर्जासोबत, मला हे का शिकायचंय, असा एक निबंध द्यावा लागतो. मी त्यात 'समाजाची सेवा' असं झोकात लिहिलं होतं. अक्कांनी चष्म्यावरून बघितलं. "कुठला समाज गं? कुठल्या गल्लीतला?" मला एक गल्ली सांगता आली नाही. पुढच्या रविवारी त्या मला बसमध्ये घालून धारवाडच्या पूर्वेकडच्या एका गावी घेऊन गेल्या.

तिथं काय करायचं ते सांगितलं नाही. विचारलं, तर "बघ की," एवढंच. मी दातांची डॉक्टर, मी तोंडं बघितली. शाळेतल्या पोरांच्या दातांवर तपकिरी डाग होते. मी त्यांना गोळा केलं आणि ब्रश कसा धरायचा, किती वेळ घासायचं, ते तावातावानं शिकवायला लागले. अक्का मागं उभ्या होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "छान सांगितलंस. पण काय गं, सगळ्या गावानं मिळून एकदमच दात घासायचा आळस केला काय?"

पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की असे डाग पडतात, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. तेच समोर उभं राहिलं तर ओळखू आलं नाही! अक्का मला बोअरवेलपाशी घेऊन गेल्या. तिथल्या बायकांशी त्या कन्नडात पाण्याबद्दल बोलत राहिल्या आणि मी नुसती ऐकत उभी होते. घरी आल्यावर जेवताना मी अप्पांना म्हटलं, "अप्पा, त्या खुर्चीत बसवून एकेकाचे दात मी स्वच्छ करीन हो. पण खाली उतरून तो परत तेच पाणी पिणार. त्या पाण्याचं कोण बघणार?" अप्पांनी ताटातला भात संपवला. मग म्हणाले, "खुर्ची परत घेतात का ते विचारावं लागेल." आत्या म्हणाली, "हे असं आधी सांगायचं की गं!"

प्रवेश मिळाला तो केरळात. आणि जायचा दिवस जवळ आला तशी माझी पुन्हा गाळण उडाली. घर सुटणार, हातातला धंदा सुटला, आणि पुढे नोकरी कसली मिळणार याचा पत्ता नाही. अक्कांना पुन्हा विचारलं. पुन्हा नोडोण! मला इतका राग आला की निघण्याआधी निरोप घ्यायलाही मी गेले नाही.

हुबळी स्टेशनवर बघते तर अक्का पिशवी घेऊन उभ्या. "मीही येते तिथवर," म्हणाल्या. अप्पा आश्चर्यानं बघतच राहिले. गाडीत मी किती वेळा विचारलं असेल, "अक्का, माझं बरोबर चाललंय ना?" त्यांचं उत्तर, "मला काय ठाऊक गं? ती खिडकी लाव, धूळ येतेय." वसतिगृहावर पोचल्यावर त्यांनी वॉर्डनबाईंना पहिला प्रश्न विचारला तो पाण्याची टाकी कुठंय हा. बाई चक्रावल्या. अक्का पदर खोचून लोखंडी शिडीनं गच्चीच्या टाकीवर चढल्या, आत डोकावल्या, आणि उतरून म्हणाल्या, "स्वच्छ आहे. झाकण नीट बसतंय." संध्याकाळच्या गाडीनं त्या परत गेल्या. मी फाटकाशी रडत उभी होते. एवढा लांब प्रवास करून ही बाई आली, आता निदान जाताना तरी एखादा शब्द बोलेल, असं वाटत होतं. त्यांनी हात हलवला आणि रिक्षात बसल्या.

त्या का आल्या होत्या, हे कोडं मी पुढे कितीतरी वर्षं बाळगलं. आता मी दंतारोग्याच्या सरकारी कार्यक्रमात काम करते, गावोगाव फिरते, पाणी तपासायला लावते. दवाखाना थाटला असता तर अधिक सुखी झाले असते का? देव जाणे. अक्कांच्या हाताखालून गेलेले काही जण मोठ्या संस्थांत आहेत, काही परदेशी आहेत, काही मुकाट आपल्या दवाखान्यात परतले. अक्कांच्या लेखी सगळे सारखे. आमच्यातला महांतेश शिक्षण अर्धवट सोडून परत आला, तेव्हा सगळं धारवाड त्याला का, का, असं विचारत होतं. तो शरमून अक्कांकडे गेला. अक्का म्हणाल्या, "आलास? हात धू, गिरमिट केलंय." त्या दिवशी दुसरा विषय निघाला नाही, असं तोच सांगतो. त्याला तेवढं पुरलं.

आणि आता गुडघा. गेल्या महिन्यात अक्कांनी मला बोलावून घेतलं. स्टुलावर पाय ठेवून पडवीत बसल्या होत्या. आयुष्यभर गावं पायी तुडवणारी ही बाई आता फाटकापर्यंत जाताना भिंत धरते. त्या म्हणाल्या, "सर्जन म्हणतात करा. धाकटा भाऊ म्हणतो, या वयात नको. विद्यार्थ्यांना विचारलं, तर जेवढे विद्यार्थी तेवढी मतं. तू सांग. करू की नको?"

मी त्यांचीच विद्यार्थिनी. सुरुवात केली, "अक्का, शंभर जणींत बहुतेक जणी बऱ्या होऊन..."

"त्या शंभर जणी राहू देत गं," अक्का म्हणाल्या. "माझं सांग. मला भीती वाटतेय."

अक्कांना भीती वाटते हे मी कधी ऐकलं नव्हतं. तोंडातून सवयीनं निघालं, "नोडोण." त्या खळखळून हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळ्याला पदर लावला. मी उठले, त्यांच्यासाठी चहा केला, आणि काहीच उत्तर न देता घरी आले. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

अक्का, खूप विचार केला. सर्जनशी बोलले, वाचायचं तेवढं वाचलं. करा म्हणावं तर तुमचं वय आडवं येतं, नको म्हणावं तर फाटकापर्यंतची ती भिंत डोळ्यांसमोर येते. तुम्ही अप्पांना सांगितलं होतं ते शब्दशः खरं निघालं. शंभरांचं मला कळतं, माझ्या एका अक्कांचं कळत नाही.

पण वर स्टेशनचा प्रसंग लिहिताना माझा हात थांबला. पिशवी घेऊन तुम्ही तिथं उभ्या राहिलात, तेच तुमचं उत्तर होतं, आणि मी वेडी गाडीभर हो-नाही मागत बसले होते. म्हणून आता सर्वांसमक्ष सांगते. तुम्ही नको ठरवलंत, तर मी पिशवी घेऊन केलगेरीला राहायला येते, फाटकापर्यंत माझा हात धरा. करायचं ठरवलंत, तर त्या सकाळी त्याच पिशवीनिशी तुमच्या दारात उभी असेन. तुम्हांला पुष्कळ आयुष्य लाभो, पाय तुमचे तुम्हांला साथ देवोत, आणि पडवीतल्या रविवारांना खंड न पडो, हे आम्हां सगळ्यांचं मागणं आहे. बाकी भिऊ नका. तुम्हांला आत नेतील तेव्हा मी त्या दवाखान्याच्या गच्चीवर जाऊन, टाकीचं झाकण नीट बसतंय का, ते बघून आलेली असेन.