कुंकवाचा ठपका

कानडखेडकर साहेब पॉवरहाऊसमध्ये शिरले की आधी पॅनेलवरचे पडलेले झेंडे उचलायचे. कुठला पडला, का पडला, हे विचारायची त्यांची पद्धतच नव्हती. मग आग विझवायच्या वाळूच्या बादलीत तंबाखूची पिंक टाकून म्हणायचे, "बोला, काय तकलीफ आहे?" 

झेंडा म्हणजे रिलेवरची, बिघाड हेरणाऱ्या उपकरणावरची, लाल पट्टी. नव्वदच्या दशकात औंढ्याच्या रस्त्यावरचा आमचा साखर कारखाना स्वतःच्या जनरेटरवर चालायचा. जनरेटरच्या आतल्या गुंडाळीचं आवरण फाटून तार लोखंडाला टेकली, की वीज जमिनीत उतरू लागते. बाहेरून काही कळत नाही, धूर नाही की वास नाही. ते ओळखायला काचेच्या झाकणाचा एक रिले होता, ‘अर्थ फॉल्ट रिले’. त्याला चाहूल लागली की झेंडा पडे आणि जनरेटर बंद होई. साहेब इलेक्ट्रिकल विभागाचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखालचा इंजिनिअर. "रिले म्हणजे घाबरट सून," ते म्हणत, "भांडं वाजलं की निघाली माहेरी!" आणि स्वतःच हसत. मला त्या हसण्याची शिसारी यायची.

मशीनजवळ विठ्ठल चव्हाण असायचा. तांड्यावरचा, साधा अटेंडंट. खंडेनवमीला यंत्रांची पूजा तोच करी. त्या वर्षी भक्तीच्या भरात त्याने रिलेची काच काढून आतल्या पत्र्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. हलणाऱ्या भागापासून लांब होतं, तरी मी रागावलो.

"देवाला बाहीरून हात जोडून कसं जमंल, साहेब?" तो म्हणाला. मी काच परत बसवली, कुंकू आत तसंच राहिलं.

ऐन हंगामात एका दुपारी तो झेंडा पडला. जनरेटर थांबला, गाळप थांबलं, ऊस टाकायच्या गव्हाणीपुढे गाड्या तटल्या. पॅनेलच्या खोलीत साहेब आणि मी दोघंच होतो. मी म्हणालो, "सर, जनरेटर लाइनपासून सोडवून रिकामा फिरवून बघू. तरीही झेंडा पडला, तर दोष आतच आहे."

"बाहेर कुठंतरी केबल ओली झाली असंल. झेंडा उचला, चालू करा."

चालू केला. पुन्हा पडला. तेव्हा साहेबांनी स्वतः काच काढली, खिशातली काडेपेटी फाडली आणि पुठ्ठ्याची घडी करून रिलेची दोन टोकं जिथे जुळून जनरेटर बंद करतात तिथे खोचली. "आता बोंबल म्हणावं!" मी घडी काढायला गेलो, तर त्यांनी माझा हात झटकला. मी तडक कार्यकारी संचालकांकडे निघालो; मागे जनरेटर पुन्हा सुरू झाला. त्यांच्या दारात उभा असतानाच धडाका ऐकू आला.

गुंडाळी जळून लोखंड वितळलं होतं. विठ्ठलच्या भुवया जळाल्या होत्या आणि उजवा हात भाजला होता. त्याला जीपमध्ये घालत होते, आणि साहेब तिकडे पॅनेलपाशी उभे होते. पुठ्ठा गायब होता.

विठ्ठल दवाखान्यात असतानाच झालेल्या चौकशीत साहेबांनी काच काढून कुंकू दाखवलं आणि त्यानेच रिले अडकल्याचं सांगितलं. "अडाण्यांच्या श्रद्धेपुढं आपण काय करणार?" मी पुठ्ठ्याचं सांगितलं. कुंकवाने रिले अडकला असेल, तर त्याच दुपारी झेंडा दोनदा पडला कसा, हेही विचारलं. समितीतल्या एकाने चहा मागवला. विठ्ठलची नोकरी गेली. मलाही हंगाम संपताच निरोप मिळाला. साहेब मात्र पुढे शाल-श्रीफळ घेऊन रिटायर झाले. खोटं बोलणारे मी पुष्कळ पाहिले, पण भाजलेल्या माणसाच्या डोक्यावर आपलं खोटं ठेवून निवांत जेवायला जाणारा हा एकच.

पुढे मी हिंगोलीत जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचं दुकान टाकलं. विठ्ठल विहिरीवरची मोटार माझ्याकडेच आणायचा. कारखान्याचा विषय निघाला की मान खाली घालायचा. मला वाटायचं, त्याला सगळं ठाऊक आहे आणि हा साहेबांवरचा राग आहे.

एक दिवस तो आला तो पायरीवरूनच म्हणाला, "आपले साहेब वारले. दहाव्याला येता का?"

"मी येणार नाही."

"काहून? देवमाणूस होता. माझ्या हातानं येवढं मोठं मशीन जळालं, पर पोलिसात न्हाई दिलं मला. दर साली तुरीची दाळ पोचवत होतो मी त्यायच्या घरी."

"आणि ते घ्यायचे?"

"घेत होते की! म्हणायचे, इठ्ठल, मी कवाच माफ केलं तुला."

 मी त्याला पुठ्ठ्याची सगळी हकिगत सांगितली. त्याने ती शेवटपर्यंत ऐकली. मग उठला.

"गेलेल्या माणसाबद्दल असं बोलून राहिले तुमी," तो म्हणाला. "शोभत न्हाई तुमाला, साहेब."

दहाव्याला तो गेला. त्यानंतर त्याची मोटार माझ्या दुकानात कधी आली नाही.