मागे पडलेले गोऱ्हे आणि वासंतीताई

डॉ. वासंती सोहनी यांची आणि माझी पहिली भेट जर्मनीत, ब्राउनश्वाइगजवळच्या एका गोठ्यात झाली. परभणीहून पशुआहार शिकून मी नुकताच इथे आलो होतो. रबरी बूट घातलेल्या वासंतीताईंनी मूठभर खाद्य माझ्या नाकाशी धरले. "आधी वास घ्या, मग लॅबला पाठवा. खायचंय जनावराला, मशीनला नाही."

मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या गोऱ्ह्यांना परदेशी सोयापेंडीऐवजी इथलेच काय देता येईल, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. काही वर्षांपूर्वी एका खाद्यकंपनीसाठी आम्ही बिअर गाळून उरणाऱ्या सातूच्या चोथ्याची चाचणी घेतली. चोथा बेताचा होता तोवर गोऱ्हे छान वाढले, मांसातही फरक दिसला नाही. प्रमाण फार वाढवले, तेव्हा मात्र गोऱ्हे मागे पडले आणि मांसही कमी भरले.

बैठकीत कंपनीचे साहेब म्हणाले, "आल्झो, तर मग, हा शेवटचा गट वगळू या. ती जनावरं आजारी असणार."

"नाइन, मुळीच नाही," वासंतीताई म्हणाल्या. "मी रोज बघत होते. पोट भरत होतं, अंगी लागत नव्हतं."

"चाचणी आमची आहे, फ्राउ सोहनी."

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण जनावरं शेतकऱ्यांची आहेत."

थोड्याच दिवसांत प्रकल्प त्यांच्याकडून काढून घेतला गेला. गोठ्यात जायलाही मनाई झाली. "गैरसमज नसावा," आमच्या संस्थेचे संचालक म्हणाले. गैरसमज! ज्यांच्या कामावर संस्थेने नाव कमावले, त्यांनाच दाराबाहेर उभे करायचे आणि वर हे ऐकवायचे! आजही लिहिताना माझे रक्त उसळते.

त्याच दिवसांत आम्हाला मुलगी झाली. सासूबाईंना व्हिसा मिळाला नाही. वासंतीताई डिंकाचे लाडू घेऊन आल्या, बाळाला न्हाऊ घातले आणि माझ्या पत्नीला म्हणाल्या, "अगं, झोप तू. मला हल्ली वेळच वेळ आहे."

निष्कर्ष मांडण्याचा हक्क मात्र त्यांनी करारातच राखला होता. शेतकऱ्यांच्या सभेत उभे राहून त्यांनी सगळे सांगितले. सगळा गोठा कंपनीच्या चोथ्याच्या खाद्यावर ठेवलेल्या एका शेतकऱ्याने चोथा कमी केला आणि त्याचे गोऱ्हे सावरले. पुढे कंपनीने पोत्यांवर गुपचूप मर्यादा छापली. ताईंचे नाव नाही, माफी तर नाहीच.

त्यांच्या साठीच्या समारंभाला तीच मंडळी पुष्पगुच्छ घेऊन येणार आहेत. "ताई, हे लिहू का?" मी विचारले.

"लिहा," त्या म्हणाल्या. "पण चोथा वाईट म्हणू नका. अती चोथा वाईट."

अशा वासंतीताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि खरे बोलण्यासाठी त्यांना कधीच कुणाची परवानगी मागावी न लागो.