सायन्सचा उजवा कौल

मॅट्रिकला गणितात मी काठावर पास झालो, तोही भूमितीची प्रमेयं आकृतीतल्या अक्षरांसकट घोकली होती म्हणून. एबीसीच्या जागी पीक्यूआर आले असते तर माझी दांडी गुलच होती. हे मला ठाऊक होतं आणि लोणावळ्याच्या शाळेतल्या हेडमास्तरांनाही. पुण्याला जाऊन आर्ट्सला नाव घाल, संस्कृत घे, चांगला मास्तर होशील, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मला फार हलकं वाटलं.

आमच्या गावी, कुरवंड्यात, वडिलांनी मात्र वेगळंच मनात धरलं होतं. भातशेती सांभाळून ते धरणावर कामाला जात, आणि भिंतीवरून टोपी घालून फिरणारा इंजिनियर त्यांच्या डोळ्यांत भरला होता. आपला पोरगा तसा व्हायचा तर सायन्सच हवं. मी म्हटलं, मला गणित येत नाही. ते म्हणाले, मॅट्रिक पास झालास ना, मग? शेवटी वाद नको म्हणून त्यांनी, आमच्याकडे सोयरिकीसाठी नाहीतर विहिरीसाठी करतात तेच केलं. गावदेवीला कौल लावला.

गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर सायन्स, डावी पडली तर आर्ट्स. मी हात जोडून डाव्या कळीकडे एकटक बघत राहिलो. इतक्या मनापासून मी देवीकडे कधी काही मागितलं नव्हतं. उजवी पडली. वडिलांनी डोकं टेकलं, आईने गूळ वाटला, आणि मला रडू आलं ते सगळ्यांना आनंदाचं वाटलं.

पुण्याच्या कॉलेजात पहिल्या सहामाहीतच माझं पितळ उघडं पडलं. फळ्यावरचं उतरवून घ्यायचं, खोलीवर पाठ करायचं, आणि पेपरात गणित जरा फिरवून आलं की घाम फुटायचा. शेजारच्या वर्गातून संस्कृतचे श्लोक ऐकू येत. तिथे बसलेल्या मुलांचा मला राग यायचा, त्या बिचाऱ्यांनी माझं काय वाकडं केलं होतं कोण जाणे. वर्षाअखेर नापास झालो. पुढच्या वर्षीही तेच.

दुसऱ्यांदा नापास होऊन परतलो तेव्हा वडील बांधावर होते. मी सगळं बोलून टाकलं. हे मला जन्मात जमणार नाही, अजून वेळ आहे, मला आर्ट्सला जाऊ द्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"देवी खोटं न्हाई बोलत," ते म्हणाले. "तूच मन लावलं न्हाईस."

देवी किंवा मी, कुणीतरी एक खोटं ठरणार होतं. पुण्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. पाणवठ्यावर बायका आईला विचारायच्या, एवढं शिकायला धाडलं तरी पोरगा आळशी कसा निघाला? सुट्टीत पहाटेपासून मी घोकत बसायचो, ते आईने डोळ्यांनी पाहिलं होतं. तीही हंडा उचलत म्हणायची, "व्हय, आळशीच हाय."